घरगुती जॅम आणि स्वयंपाकघरातील यंत्रे

बीड जिल्ह्यात दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ हा सीताफळाचा काळ होय. धारूर, अंबाजोगाई, पाटोदा, आष्टी या बाजूच्या बालाघाटच्या डोंगरउतारांवर हे झाड फारशी निगा न घेताही फळते. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून परभणीच्या कृषि विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्रही अंबाजोगाई येथेच आहे. परंतु हे फळ डोळे उघडल्यानंतर दोन-तीन दिवसांत पिकते आणि पिकले की लगेच उतरू लागते. पाटीभर फळे घेऊन रस्त्याच्या कडेस बसलेल्या भगिनीस संध्याकाळी मिळेल त्या भावास माल द्यावा लागतो. यांपैकी अनेक कुटुंबे याच सुमारास ऊसतोडीसाठी जिल्ह्याबाहेर जाण्याच्या तयारीत असतात, त्यामुळे हातात येणाऱ्या चार पैशांस अधिकच महत्त्व असते. अशा वेळी “साहेब, याचा जॅम करून ठेवता येईल का?” हा प्रश्न महिला बचत गटांच्या बैठकीत हमखास विचारला जातो.

या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, सीताफळाचा शिजवून केलेला जॅम चांगला होत नाही. पेरू व पपईचा मात्र उत्तम होतो आणि त्यासाठी लागणारी बहुतेक साधने आज खेड्यातील घरांतही आढळतात. सीताफळाचे काय करावे, ते पुढे दिले आहे.

प्रस्तुत लेखकाने नोकरीच्या पहिल्या वर्षी धारूर तालुक्यातील एका प्रात्यक्षिकात पुस्तकी उत्साहाने चार किलो सीताफळांचा गर साखरेसह पातेल्यात आटविला. वास सुरेख सुटला होता. परंतु गर काळपट पडला आणि चव इतकी कडू झाली की जमलेल्या भगिनींपैकी कोणीही दुसरा चमचा घेतला नाही. एका वयस्क आजींनी “आमी कधी शिजवीत नाय बाबा हे,” एवढेच सांगितले. त्यांचे म्हणणे शास्त्रास धरूनच होते. सीताफळाचा गर सुमारे ५५ ते ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे तापविला असता त्यास कडवटपणा येतो. शिवाय फळातील विकर हवेच्या संपर्काने गरास तपकिरी करतात. जॅमला तर शंभर अंशांच्या वर तापवावे लागते. साल खरवडून काढलेला रवाळ भाग गरात आला असेल तर हे दोन्ही दोष वाढतात.

जॅम घट्ट का होतो?

जॅमसाठी चार गोष्टींचा मेळ बसावा लागतो : फळातील पेक्टिन, आम्ल, साखर व पाण्याचे योग्य प्रमाण. पेक्टिन हा फळाच्या पेशींना बांधून ठेवणारा चिकट पदार्थ आहे. पुरेशी साखर व आम्ल मिळाले म्हणजे त्याचे जाळे तयार होते आणि त्यात रस धरून ठेवला जातो. पेरूत पेक्टिन भरपूर असते. पपईत ते कमी असून आम्ल जवळजवळ नसतेच, म्हणून पपईस लिंबाचा रस अथवा सायट्रिक आम्ल घातल्यावाचून गत्यंतर नाही. पपईच्या गरात निम्मा पेरू मिसळल्यास दोघांचेही काम सोपे होते आणि रंगही खुलतो.

तयार जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ, मुख्यतः साखर, ६५ ते ६८ टक्के असावे लागतात. याहून कमी राहिल्यास बरणीत बुरशी येते. फार वर गेल्यास साखरेचे खडे बांधतात. गृहिणींचा जॅम बिघडतो तो बहुधा याच ठिकाणी. फळ निवडण्यात किंवा शिजविण्यात चूक क्वचितच असते. अनुभवी हात पळीवरून पडणारी धार पाहून अंदाज घेतो, परंतु नवशिक्यास तो येईपर्यंत दोन-चार घाणे वाया जातात. स्वयंपाकघरातील आधुनिक साधनांचा खरा उपयोग येथे आहे.

साधने व त्यांचा उपयोग

सर्वांत उपयोगी साधन कोणते, असे विचारल्यास पुष्कळजण मिक्सरचे नाव घेतील. आमच्या मते पहिला मान विजेरी तराजूस द्यावा. पाच किलोपर्यंत वजन दाखविणारा लहान तराजू बाजारात माफक दरात मिळतो. तो असला म्हणजे जॅम केव्हा तयार झाला हे अनुभवाशिवायही कळते. हिशेब असा : एक किलो पेरूच्या गरात साधारण १०० ग्रॅम घन पदार्थ धरावेत. त्यात ७५० ग्रॅम साखर घातली म्हणजे ८५० ग्रॅम झाले. हे ८५० ग्रॅम तयार जॅमच्या ६८ टक्के व्हावयाचे असतील तर जॅमचे वजन साडेबाराशे ग्रॅम, म्हणजे सव्वा किलो भरले पाहिजे. आरंभी गर व साखर मिळून पावणेदोन किलो होते, तेव्हा अर्धा किलो पाणी आटवावयाचे आहे. रिकामे पातेले आधी तोलून त्याचे वजन भिंतीवर खडूने लिहून ठेवावे आणि आटत आले की पातेले उतरवून, तराजूवर जाड लाकडी पाट ठेवून, पाटाचे वजन वजा करून तोलावे. साखरेच्या दीडपट वजन राहिले की जॅम तयार, असा एक जुना ठोकताळा आहे. तो लक्षात ठेवण्यास सोपा आहे, परंतु त्यात फळातील घन पदार्थ धरलेले नसल्याने जॅम थोडा अधिकच घट्ट उतरतो.

तापमापक असल्यास उत्तमच. मात्र त्याच्या वापरात आपल्या जिल्ह्यापुरती एक दुरुस्ती करावी लागते. पुस्तकांत जॅम १०५ अंशांवर उतरवावा असे दिलेले असते, ते समुद्रकाठच्या गावांसाठी खरे आहे. बालाघाटच्या पठारावरील गावे समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० ते ७०० मीटर उंचीवर आहेत आणि साधारण दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशाने खाली येतो. म्हणून येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. आपल्या चुलीवर आधी साधे पाणी उकळून तापमापकावर किती अंश दिसतात ते पाहावे व त्यात पाच मिळवावेत. १०५ ची वाट पाहत बसणाऱ्याच्या बरणीत जॅमऐवजी चिक्की तयार होते.

प्रेशर कुकरचा उपयोग फळ मऊ करण्यापुरताच करावा. सव्वा किलो पिकलेले परंतु कणखर पेरू धुऊन, फोडी करून, वाटीभर पाण्यासह दोन शिट्ट्या दिल्या म्हणजे ते मऊ होतात, इंधन वाचते आणि पेक्टिनही गरात उतरते. अगदी मऊ पडलेला पेरू जॅमला घेऊ नये, त्यातील पेक्टिन कमी झालेले असते. साखर घातल्यानंतर मात्र कुकरचे झाकण कधीही लावू नये. झाकण लावल्यास पाणी आटत नाही, आणि फेस वर चढून शिट्टीचे छिद्र बुजण्याचा धोका असतो.

शिजलेल्या पेरूतील बिया काढण्यास पुरणयंत्रासारखे दुसरे साधन नाही. बारीक छिद्रांची चकती लावून फोडी फिरवाव्यात. साल व बिया वर राहतात व गर खाली उतरतो. मिक्सर वापरावयाचा असेल तर फोडी पूर्ण निवू द्याव्यात आणि क्षणभर चालू, क्षणभर बंद या रीतीने दोन-तीन वेळाच फिरवून नंतर चाळणीतून गाळावे. सतत फिरविल्यास बिया फुटून गर कचकचीत होतो. उकळता गर मिक्सरच्या भांड्यात घालून झाकण लावल्यास वाफेच्या दाबाने झाकण उडते आणि गर अंगावर येतो. अशा भाजण्याच्या घटना ऐकण्यात येतात, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटते. पपई न शिजविता मिक्सरमधून काढली तरी चालते.

पातेले रुंद तोंडाचे, जाड बुडाचे व पोलादी असावे. रुंद पातेल्यात पाणी लवकर आटते, त्यामुळे रंग व पेक्टिन दोन्ही टिकतात. बिनकल्हईची पितळी वा तांब्याची भांडी आम्ल पदार्थास वर्ज्य होत. एका वेळी दोन किलोंपेक्षा अधिक गर घेऊ नये. घाणा मोठा केला की वेळ वाचतो असे वाटते, परंतु तो दुप्पट वेळ आटत बसतो आणि जॅम काळवंडतो.

कृती

एक किलो पेरूचा गर पातेल्यात घेऊन थोडा गरम झाल्यावर ७५० ग्रॅम साखर घालावी. साखर विरघळेपर्यंत आच मंद ठेवावी व नंतर मोठी करावी. लांब दांड्याच्या कलथ्याने बुडापासून हलवीत राहावे, कारण घट्ट होताना जॅमचे शिंतोडे उडतात. घट्टपणा येऊ लागला की तीन ते चार ग्रॅम सायट्रिक आम्ल दोन चमचे पाण्यात विरघळवून घालावे. पपईस हेच प्रमाण पाच ते सहा ग्रॅम असावे. आम्ल नसल्यास कागदी लिंबे वापरावीत. एका मध्यम लिंबाच्या रसात साधारण एक ग्रॅम आम्ल धरण्यास हरकत नाही. तराजू किंवा तापमापक हाताशी नसल्यास फ्रिजच्या बर्फकप्प्यात ठेवलेल्या थाळीवर एक थेंब टाकावा व मिनिटभराने बोटाने ढकलून पाहावा. वर सुरकुती पडली तर जॅम झाला. परीक्षा चालू असताना पातेले मात्र आचेवरून खाली घ्यावे, एरव्ही निकाल लागेपर्यंत जॅम पुढे गेलेला असतो.

काचेच्या बरण्या पाण्यात बुडवून पंधरा-वीस मिनिटे उकळाव्यात, कोरड्या कराव्यात आणि गरम असतानाच लाकडी पाटावर ठेवून त्यांत गरम जॅम काठोकाठ भरावा. थंड फरशीवर ठेवलेली बरणी तडकते. प्लॅस्टिकच्या बरण्यांत गरम जॅम भरू नये.

सीताफळासाठी वेगळा मार्ग

सीताफळाचा गर न शिजविता गोठवून ठेवणे हाच घरगुती पातळीवर विश्वासाचा उपाय आहे. पूर्ण पिकलेले, न डागाळलेले फळ उघडून चमच्याने गर अलगद काढावा, सालीस खरवडू नये. बिया सुटण्यासाठी ताक घुसळण्याच्या लाकडी रवीने हलके घुसळून मोठ्या छिद्रांच्या चाळणीतून गर काढावा. या कामी मिक्सर कदापि वापरू नये. सीताफळाच्या बिया विषारी असतात, आणि त्यांची पूड डोळ्यात गेल्यास डोळ्यास गंभीर इजा होते. उवांसाठी बियांची पूड लावण्याची जुनी चाल याच कारणाने धोक्याची आहे. फळाच्या वजनाच्या साधारण ४० टक्के गर मिळतो असे धरून हिशेब करावा. किलोमागे अर्धा ते एक ग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व, मिसळल्यास गर काळा पडणे पुष्कळ लांबते. अर्ध्या किलोच्या पिशव्यांत हवा काढून गर भरावा, पिशव्या चपट्या कराव्यात आणि उणे १८ अंशांच्या शीतपेटीत ठेवाव्यात. वीज गेली असता पेटी उघडू नये. एकदा वितळलेला गर पुन्हा गोठवू नये, त्याची त्याच दिवशी बासुंदी किंवा रबडी करावी.

पोळीस लावण्यासाठी सीताफळाची चव हवीच असेल तर पेरूचा तयार जॅम हाताला कोमट लागेपर्यंत निवू द्यावा आणि त्यात चौथा हिस्सा सीताफळाचा गर कालवावा. साखरेचे प्रमाण त्यामुळे उतरते, म्हणून हा पदार्थ टिकाऊ नव्हे. फ्रिजमध्ये ठेवून तो तीन-चार दिवसांत संपवावा आणि विक्रीस ठेवू नये.

पेरू व पपईचा जॅम विकावयाचा असल्यास अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली नोंदणी आवश्यक आहे. जॅम या नावाने विकावयाच्या पदार्थात फळाचा भाग निदान ४५ टक्के असावा लागतो. वर दिलेल्या प्रमाणात तो त्याहून पुष्कळ अधिक भरतो. मात्र पेरू शिजविताना घातलेले पाणी फळ म्हणून धरता येत नाही, याकरिता वहीत फळाचे, पाण्याचे व साखरेचे वजन प्रत्येक घाण्याच्या वेळी स्वतंत्र लिहावे. बरणीवर तोच घाण्याचा क्रमांक व तारीख घालावी, म्हणजे एखादी बरणी बिघडल्यास तिच्यासोबतच्या इतर बरण्या दुकानातून लगेच परत आणता येतात.