नडगी मोडल्यावर

कबड्डीच्या मॅटवर माझ्या उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. चढाईत होतो. कोपऱ्यातल्या गड्यानं घोटा धरला, पाय जागीच रोवलेला राहिला आणि वरून बचावपटूंची साखळी अंगावर आली. दोष कुणाचाच नव्हता. आता मी तालुक्यातल्या पोरांना शिकवतो आणि कुणाचा पाय मोडला की त्याच्या घरचे मला फोन करतात. त्यांना सांगतो तेच इथं लिहितोय.

१. पाय ओढू नका, चोळू नका.
गडी पडला की दहा जण धावतात आणि त्यातला एखादा हमखास पाय ‘सरळ’ करायला जातो. वाकडा तर वाकडा, आहे तसाच राहू द्या. दोन्ही बाजूंना फळ्या किंवा जाड पुठ्ठा, मधे कापड, आणि गुडघा-घोटा दोन्ही हलणार नाहीत असं बांधा. फार आवळू मात्र नका. हाड कातडीबाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, वर स्वच्छ कापड ठेवा आणि १०८ ला फोन करा. खायला-प्यायला काही देऊ नका, कारण भूल द्यायला पोट रिकामं लागतं. मला कुणीतरी मायेनं लिंबू सरबत पाजलं होतं. त्यापायी ऑपरेशन लांबलं.

२. दुखणं वाढत गेलं तर गप्प पडून राहू नका.
हाड मोडल्यावर दुखणारच, असं सगळे म्हणतात. पण औषध देऊनही कळ वाढतच राहिली, पोटरी दगडासारखी टणक झाली, पायाची बोटं दुसऱ्या कुणी हलवली तरी जीव जाईल असं झालं, तर लगेच डॉक्टरांना उठवा, मध्यरात्र असली तरी. पोटरीतल्या स्नायूंवर घट्ट आवरणं असतात. आत सूज किंवा रक्त साठलं की दाब वाढतो आणि रक्तपुरवठा तुटतो. काही तासांत कातडी आणि आवरणं चिरून तो दाब मोकळा केला नाही, तर स्नायू मरतात. हाडवैद्याकडं जायचा आग्रह आमच्याही घरी झाला होता. त्याच्या हातगुणाबद्दल मला बोलायचं नाही, पण सुजलेल्या नडगीवर आवळलेल्या पट्टीनं हेच संकट ओढवतं आणि त्यात पाय गमावलेली माणसं आहेत.

३. तंबाखू बंद म्हणजे बंद.
नडगीच्या पुढच्या बाजूला कातडीखाली लगेच हाड, मधे मांस नाही. म्हणून तिथला रक्तपुरवठा मुळातच बेताचा. साधारण चार ते सहा महिने जुळायला लागतात, उघडी जखम असेल तर आणखी. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात आणि हा काळ लांबतो. विडी सोडून मशेरी लावणाऱ्यांनीही हे वाचावं. खाण्यापिण्याचं म्हणाल तर पाया सूप जरूर प्या, चव छान असते. पण हाड त्याच्यानंच जुळतं हा आजीचा सिद्धांत. अंडी, डाळ, दूध, ऊन, हे जास्त कामाचं.

४. एक्स-रे बरा झाला म्हणजे पाय बरा झाला नव्हे.
माझं सगळ्यात मोठं शिक्षण इथं झालं. आत सळई, वर-खाली स्क्रू, हाड जुळलेलं. गावात पेढे वाटून झाले. आणि आरशात बघतो तर उजवी मांडी डावीच्या मानानं काडी. पाय वापरला नाही की मांडीचा पुढचा स्नायू झपाट्यानं वाळतो, परत भरायला मात्र महिने घेतो. फिजिओनं मला खेळायला सोडायची अट घातली होती : एका पायावरच्या उडीत मोडलेला पाय चांगल्याच्या किमान ९० टक्के भरला पाहिजे. तारीख सांगायचं त्यानं साफ नाकारलं. तेव्हा राग यायचा. आता मीही पोरांना तारीख सांगत नाही.

५. मांडी घालून बसणं विसरा, निदान काही काळ.
सळई गुडघ्याखालून आत घालतात, त्यामुळं गुडघ्याचा पुढचा भाग बराच काळ दुखतो आणि उकिडवं बसणंही अवघड जातं. घरात कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा.

६. मोठ्या खेळाडूंची गोष्ट पूर्ण सांगा.
फुटबॉलमधल्या आर्सेनलच्या ॲरन रॅम्सीची नडगी फेब्रुवारी २०१० मध्ये स्टोकविरुद्ध मोडली. त्याच नोव्हेंबरात तो नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून परत खेळला, एवढंच सगळे सांगतात. एफए कप फायनलचा निर्णायक गोल त्यानं मारला तो २०१४ साली, हे कुणी सांगत नाही. आणि कोव्हेंट्रीचा डेव्हिड बस्ट? १९९६ साली ओल्ड ट्रॅफर्डवर तशीच नडगी मोडली, जखमेत जंतुसंसर्ग झाला, ऑपरेशनांवर ऑपरेशनं झाली आणि त्याचा व्यावसायिक खेळ तिथंच संपला. पोरांना दोन्ही नावं माहीत हवीत.

७. भीती घोट्यात बसते.
ताकद आली, वेग आला, तरी घोट्याला हात लागला की माझा पाय आपोआप मागं यायचा. यावर भाषणं चालत नाहीत. सोबत्यानं आधी बसून हलकेच घोटा धरायचा, मग उभ्यानं, मग चालत्या चढाईत. आठवडेच्या आठवडे. मी खेळलो पुन्हा, पण पूर्वीसारखा बोनस टिपणारा चढाईपटू राहिलो नाही. मधल्या फळीत पकडी करत राहिलो.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना एकच विनंती. चषकांवर आणि साउंडवर होतो तो खर्च होऊ द्या. पण त्याच्या जोडीला दोन फळ्या, पट्ट्या, एक स्ट्रेचर आणि गडी न ओढता उचलायचं शिकलेली चार पोरं एवढं सामना सुरू व्हायच्या आधी मॅटशेजारी ठेवा.