रमाबाईंचे दुसरे परिवर्तन

ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत ‘आध्यात्मिक नवजीवन’ हा शब्द वारंवार कानी पडतो. बाहेरच्या माणसाला वाटते की हे धर्मांतराचेच दुसरे नाव असावे. वस्तुतः हे नवजीवन ज्याला हवे असते तो बहुधा आधीच ख्रिस्ती असतो. त्याचा बाप्तिस्मा झालेला असतो, तो प्रार्थनेला जातो, पवित्र शास्त्र वाचतो. आणि तरीही हे सारे आपल्या अंतःकरणापर्यंत पोहोचलेलेच नाही, असे एके दिवशी त्याच्या ध्यानात येते. मराठी मुलखात या अनुभवाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यातील एक प्रसंग तर आपल्या मावळातच, लोणावळ्याला घडला.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविले. दुष्काळात आईवडील गेले. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८२ मध्ये वैधव्य आले. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली, हे निराळे सांगायला नको.

मात्र या बाप्तिस्म्याने प्रश्न मिटला नव्हता. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्र्यैक्याच्या सिद्धांतावरून आणि चर्चच्या अधिकारावरून बाई अगदी निकराने वाद घालताना दिसतात. धर्मशास्त्र्यांनी सांगितले म्हणून मानायचे, हे त्यांनी घरच्या धर्मात नाकारले होते. परक्या धर्मात ते का मानावे? मला स्वतःला ही पत्रे फार मोलाची वाटतात. ज्याला शंकाच आली नाही त्याच्या नवजीवनाला फारसा अर्थ नसतो.

मग अमेरिकेचा प्रवास झाला, तेथे मदत मिळाली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. काम वाढत होते, नाव होत होते. नेमक्या याच काळात बाईंच्या मनात मोठी पोकळी जाणवू लागली. पुढे लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या कबूल करतात की ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, परंतु त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्याला तोवर आठ वर्षे झाली होती! सुमारे १८९१ साली विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. १८५१ मध्ये कॉर्नवॉलमधील आपल्या चर्चमध्ये प्रवचन करता करता या गृहस्थाचे स्वतःचेच मनःपरिवर्तन झाले होते. दुसऱ्यांना उपदेश करणारा अंतरी कोरडा असू शकतो, हे वाचून बाई अंतर्मुख झाल्या. बुद्धीने पटणे निराळे आणि शरण जाणे निराळे, हा भेद त्यांना तेव्हा उमगला.

येथे एका शब्दाचा विचार करण्यासारखा आहे. नव्या करारात ज्याला ‘मेटानोइया’ म्हटले आहे, त्या ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणे. मराठीत त्यासाठी ‘पश्चात्ताप’ शब्द रूढ झाला. त्यात मागाहून होणारी पोळणी आहे, पण मनाचे वळणे नाही. केवळ हळहळणे म्हणजे नवजीवन, असा जो गैरसमज होतो त्याला हा शब्दही थोडाबहुत जबाबदार असावा.

नवजीवनाची किंमतही बाईंना मोजावी लागली. त्यांच्या खासगी प्रार्थनेला सदनातील मुली बसतात, यावरून पुण्यात वादळ उठले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हे मान्य केले पाहिजे. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या हमीवर संस्था उभी होती. आणि जिच्या अंतरीच आग लागली तिला तटस्थ राहणे दिवसेंदिवस कठीण जाणार होते. बाईंचे म्हणणे एवढेच की दार उघडे ठेवून प्रार्थना करण्याचा मला हक्क आहे. हा तिढा आजही सुटलेला नाही.

लोणावळ्याचा प्रसंग यानंतरचा. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्यावर थंड हवेचे हे ठाणे मुंबई-पुण्याच्या लोकांना सोयीचे झाले होते, आणि ख्रिस्ती मंडळींचे प्रार्थना-मेळावे तेथे भरत. १८९६ च्या दुष्काळाच्या थोडे आधी अशाच एका मेळाव्याला रमाबाई आल्या. त्यांच्याबरोबर ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणाऱ्या पंधरा मुली होत्या. एके पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या, सूर्योदय पाहिला आणि प्रार्थना केली. मागणे काय, तर या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशे पंचवीस मुली मिळाव्यात! पंडितेची प्रार्थना गणिती पद्धतीची, हे वाचून हसू येते खरे. पण त्या वेळी इतक्या मुलींना पोसायला त्यांच्यापाशी काहीही नव्हते. लवकरच मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बाई स्वतः तेथे गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली गोळा करून केडगावच्या शेतजमिनीवर घेऊन आल्या. मागितलेली संख्या पुरी होऊन वर गेली. ‘मुक्ती’चे काम असे उभे राहिले.

जून १९०५ मध्ये केडगावला सामुदायिक जागृतीची मोठी लाट आली. वेल्समध्ये १९०४ साली झालेल्या जागृतीची वार्ता ऐकून तेथील स्त्रिया कित्येक महिने रोज प्रार्थना करीत होत्या. रडणे, मोठ्याने प्रार्थना करणे, पापांची कबुली देणे, हे सारे त्यात होते. या प्रकाराबद्दल ख्रिस्ती लोकांतही मतभेद होते. मला त्या आवेगापेक्षा त्यानंतरची शांत वर्षे अधिक बोलकी वाटतात. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. खेड्यातल्या बाईला वाचून कळावे, इतके ते सोपे असावे, हा त्यांचा आग्रह होता. संस्कृत ज्यांच्या जिभेवर नाचत असे त्यांनीच जड संस्कृत शब्द गाळायचे ठरविले. छपाईही मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातून. १९२१ साली मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंचे देहावसान झाले, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.