विवाहाचा खर्च कोणीं करावा?

वाचावयाचे उतारे : उत्पत्ति २४:५०-६१, शास्ते १४:१०, योहान २:१-११, लूक १४:२८-३०.



सुगी संपली कीं गांवोगांव लग्नाच्या बैठका भरूं लागतात. सुपारी फुटते, आणि मग मंडळी यादी करावयास बसते : मांडव कोणाचा, बस्ता कोणाचा, जेवण कोणाचें, वाजंत्री कोणाची. हुंडा नको असें म्हणणारे पुष्कळ बंधु ह्याच बैठकींत सर्व ओझें मुलीच्या बापावर ठेवितात. तो मान खालीं घालून होय म्हणतो आणि दुसऱ्या दिवशीं सावकाराच्या दारीं उभा राहतो. म्हणून ह्या गोष्टीचा आपण नीट विचार करूं.

१. शास्त्रांत काय आढळतें? अब्राहामाच्या सेवकानें रिबकेस दागिने व वस्त्रें दिलीं. तिच्या भावास व आईसही मोलवान वस्तु दिल्या. शमशोनाच्या विवाहांत मेजवानी त्यानेंच दिली, कारण तरुणांची तशी रीत होती. काना येथें उत्तम द्राक्षारस चाखल्यावर भोजनकारभाऱ्यानें वरास बोलाविलें. ह्यावरून तो पुरवठा वराकडे असावा असें दिसतें. उलटपक्षीं, बापानें आपणांस विकून पैसा खाल्ला अशी तक्रार राहेल व लेआ ह्यांनीं केली (उत्पत्ति ३१:१५). रीती देशकालाप्रमाणें निराळ्या आहेत. परंतु सर्व खर्च वधूपित्यानेंच करावा असा नियम देवानें कोठेंही घातलेला नाहीं.

२. कायदा काय सांगतो? १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा ख्रिस्ती लोकांसही लागू आहे. हुंडा घेणें व देणें हे दोन्ही गुन्हे आहेत. त्यांस निदान ५ वर्षें कैद आणि निदान १५,००० रुपये दंड, किंवा हुंड्याची किंमत अधिक असल्यास तितका दंड, सांगितला आहे. नुसती मागणी करणें हाही गुन्हाच होय. हुंड्यास मानपान म्हटल्यानें तो पवित्र होत नाहीं. खुषीच्या आहेराची यादी मात्र १९८५ च्या नियमांप्रमाणें लिहून ठेवावी. तींत वस्तु, अदमासें किंमत, देणाराचें नांव व नातें लिहून वधूवरांनीं सही करावी.

३. बैठकींत कसें वागावें?

(अ) बुरूज बांधणारा आधीं बसून हिशेब करितो. तसेंच दोन्ही घरांनीं हातीं किती आहे तें आधीं सांगावें, आणि तेवढ्यांत मावेल तेंच लग्न ठरवावें.

(आ) ज्याचे पाहुणे त्यानें त्यांचें जेवण व गाडीभाडें सोसावें. मांडवासारखा समाईक खर्च निम्मा निम्मा, किंवा ज्याची ऐपत अधिक त्यानें अधिक उचलावा.

(इ) हौस ज्याची, पैसा त्याचा. वाजंत्री ज्यास पाहिजे त्यानें तिचा खर्च द्यावा. वधूवर कमावतीं असल्यास त्यांनींही वांटा उचलावा.

(ई) उपदेशकानें बैठकीस हजर राहून ठरलेली यादी मोठ्यानें वाचावी. मुलीचा बाप गप्प बसला तर त्याची संमति आहे असें समजूं नये. त्यास एकीकडे नेऊन विचारावें. बैठकींत नाहीं म्हणण्याचें धैर्य पुष्कळांस होत नाहीं, पण त्या एका होकाराचें व्याज धाकट्या भावंडांच्या शाळेंतून व घरच्या भाकरींतून फिटत राहतें.

ज्या सोयरिकीचा आरंभ एका घराच्या कर्जानें होतो, तींत दोन्ही घरांचें प्रेम कसें वाढावें?

चर्चेसाठीं प्रश्न : आपल्या गांवीं गेल्या लग्नांत कोणी कर्ज काढिलें काय? तें आज कोण फेडीत आहे?