घोंगडी : लोकरीची निवड, उपयोग व निगा

दख्खनच्या पठारावरील कोरडवाहू भागात दख्खनी मेंढी पाळली जाते. तिची लोकर आखूड व भरड असल्याने तिचे तलम कापड होत नाही. परंतु घोंगडीस हीच लोकर योग्य होय. अलीकडे लोकरीस भाव मिळत नसल्यामुळे पुष्कळ मेंढपाळ ती टाकून देतात. तथापि स्वच्छ व निवडलेल्या लोकरीचा घरापुरता तरी चांगला उपयोग होऊ शकतो.

लोकरीची निवड : लोकर सामान्यतः वर्षातून दोनदा कातरतात. कातरणीपूर्वी मेंढ्यांना वाहत्या पाण्यात धुवावे व अंग पूर्ण वाळू द्यावे. काळी, पांढरी व करडी लोकर निरनिराळी ठेवावी. कुसळे व लेंड्या तेव्हाच वेचून काढाव्यात.

प्रकार : कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, सर्वांत मऊ असते, तिची घोंगडी उंची समजतात. नेहमीची घोंगडी खड्डामागावर विणून तिला चिंचोक्याची खळ देतात. जेन मात्र विणत नाहीत. लोकर पसरून, भिजवून व दाबून ते तयार करतात. बैठकीस व अंथरुणास ते उपयोगी पडते.

उपयोग : लोकरीच्या तंतूंमध्ये हवा कोंडून राहते, म्हणून ऊब टिकते. हवेतील ओलावा शोषूनही लोकर चटकन ओली लागत नाही. त्यामुळे घोंगडीची खोळ करून पावसात गुरे राखता येतात. शेकोटीची ठिणगी पडल्यास लोकर सहसा भडकत नाही. कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट वितळून अंगास चिकटते.

पारख : कडेचा एक धागा चिमट्यात धरून जाळावा. केस जळल्यासारखा वास येऊन राख चुरली, तर ती लोकर होय. धागा वितळून कठीण गोळी झाली, तर तो कृत्रिम समजावा.

निगा : घोंगडी थंड पाण्यात बुडवून हलक्या हाताने दाबून धुवावी. गरम पाणी, धुण्याचा सोडा व घासणे टाळावे. गरम पाण्यात घासल्याने लोकर आटते. पिळू नये, सपाट जागी वाळवावी. पावसाळा संपताच उन्हात झटकून, पूर्ण कोरडी करून घडी घालावी. घड्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा व अधूनमधून घडी उलगडून पाहावी, म्हणजे कसर लागल्यास वेळीच ध्यानात येते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कातरणीच्या हंगामापूर्वी मेंढपाळांच्या वाड्यांवर जाऊन धुणे व निवडणे यांचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. चांगल्या घोंगडीचा आरंभ मागावर नव्हे, मेंढीच्या पाठीवरच होतो.