छायाचित्रांचे आकारमान घटविणे : रीत आणि विवेक

प्राथमिक शाळेच्या दप्तरात पूर्वी हजेरीपट, जनरल रजिस्टर व पत्रव्यवहाराच्या फायली एवढ्यांचाच समावेश होत असे. आता त्यांत छायाचित्रांची भर पडली आहे. उपक्रमांचे अहवाल, प्रवेशपरीक्षांचे अर्ज, इमारत दुरुस्तीचे प्रस्ताव ह्या सर्वांसोबत छायाचित्रे इंटरनेटद्वारे पाठवावी लागतात. अर्जाची मुदत संपत आलेली असते आणि छायाचित्र मोठे म्हणून संकेतस्थळ ते स्वीकारीत नाही. घाईघाईने ते लहान करावे, तर चेहरा ओळखू येत नाही. दोन्ही प्रकारांत नुकसान होते ते विद्यार्थ्याचे. म्हणून ह्या कामाची रीत प्रत्येक शिक्षकास अवगत असणे अगत्याचे आहे.

आकारमान कशाने वाढते ?

मोबाइलने घेतलेले चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी होय. ह्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र बहुधा ४००० पिक्सेल लांब व ३००० पिक्सेल रुंद असते; म्हणजे त्यात १ कोटी २० लक्ष ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यास तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांसाठी ३ बाइट लागतात. ह्या हिशेबाने मूळ चित्र ३६ मेगाबाइटचे होते. कॅमेरा ते आवळून साधारणतः ३ ते ५ मेगाबाइटची फाइल करून ठेवतो.

रोहा तालुक्यात रेल्वेमार्गालगतच्या गावी अशी फाइल लवकर जाते. डोंगराकडील वाडीवर मात्र, विशेषतः पावसाळ्यात, जाळे क्षीण असते. वेग सेकंदाला १०० किलोबिट इतकाच मिळाला, तर ४ मेगाबाइटच्या एका चित्रास ५ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तेच चित्र २०० किलोबाइटचे केले, तर १६ सेकंद पुरतात. दहा चित्रांच्या अहवालात हा फरक पाऊण तासाहून अधिक भरतो.

आवळणीचे तत्त्व

छायाचित्रासाठी सर्वत्र रूढ असलेली जेपीजी पद्धत १९९२ साली प्रमाणित झाली. तिच्या मुळाशी असलेले गणित मूळचे बंगळूरचे संशोधक नासिर अहमद ह्यांनी टी. नटराजन व के. आर. राव ह्यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. तत्पूर्वी, १९७२ साली अहमद ह्यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे ह्या कल्पनेसाठी मागितलेले अर्थसाहाय्य नाकारले गेले होते. आज शाळेतून जाणारे जवळजवळ प्रत्येक छायाचित्र त्याच गणिताच्या आधारे प्रवास करते.

ही पद्धत चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे लहान चौकोन पाडते. प्रत्येक चौकोनात रंग सावकाश कसा बदलतो व एकदम कसा बदलतो, ह्याचा वेगवेगळा हिशेब मांडते. मानवी डोळ्यास सावकाश होणारा बदल चांगला जाणवतो, अतिसूक्ष्म बदल फारसा जाणवत नाही. उजेडातील फरक लवकर कळतो, रंगातील फरक तितका कळत नाही. जे डोळ्यास जाणवत नाही, तेवढेच प्रथम वगळले जाते.

ह्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. कुंडलिकेच्या पात्रावरील आकाशाचे चित्र पुष्कळ आवळले तरी बिघडलेले दिसत नाही. उलट फळ्यावरील अक्षरांच्या कडा तीव्र असल्याने तेवढ्याच आवळणीने अक्षरांभोवती धुरकट ठिपके उमटतात. दुसरे असे की, जेपीजीत काही ना काही कायमचे गळतेच. ‘गुणवत्ता न गमावता’ ह्याचा खरा अर्थ ‘ज्या कामासाठी चित्र पाठवावयाचे त्या कामास बाध न येता’ असा घ्यावयाचा असतो.

पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्ती हातभर उंचीची असो वा वीतभर, डोळ्यांची आखणी सारख्याच निगुतीने केली जाते. मूर्ती लहान करता येते; आखणी ढिसाळ करून चालत नाही. छायाचित्राच्या बाबतीतही आपल्या चित्राची ‘आखणी’ कोणती, हे आधी ठरवावे. ओळखीच्या चित्रात ती मुलाचा चेहरा असते, दाखल्यात अक्षरे व शिक्का, तर दुरुस्तीच्या प्रस्तावात भिंतीची भेग.

कृतीचा क्रम

१. मूळ चित्र वेगळ्या फोल्डरमध्ये राखून ठेवावे व काम त्याच्या प्रतीवर करावे. जेपीजी चित्र पुनःपुन्हा बदलून साठविले की दर वेळी थोडे थोडे बिघडते. म्हणून प्रत्येक नवी प्रत मूळ चित्रावरूनच काढावी.

२. प्रथम अनावश्यक भाग कापावा (क्रॉप). चेहऱ्याच्या चित्रात मागचे अंगण नको असते.

३. नंतर लांबी-रुंदी घटवावी (रिसाइझ). लांबी व रुंदी ह्यांचे प्रमाण कायम ठेवावे. ४००० × ३००० चे चित्र १६०० × १२०० केले, की पिक्सेल १९ लक्ष २० हजार उरतात, म्हणजे मूळच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी. अहवाल पडद्यावर वाचण्यास एवढे पुरते. संगणकावरील पेंटमध्ये हे काम सहज होते.

४. शेवटी क्वालिटीचा आकडा कमी करण्याची सोय असल्यास ती वापरावी. साधारण छायाचित्रास ७५ ते ८५ हा आकडा योग्य ठरतो. अक्षरांच्या चित्रास तो ९० च्या आसपास ठेवावा आणि रंगाचे महत्त्व नसल्यास चित्र कृष्णधवल करावे.

५. पाठविण्यापूर्वी चित्र पूर्ण आकारात उघडून ‘आखणी’ तपासावी. एकदा फार लहान केलेले चित्र पुन्हा मोठे केल्याने गेलेला तपशील परत येत नाही.

संगणकावर काढलेली आकृती, तक्ता किंवा पडद्याचे चित्र पीएनजी स्वरूपात ठेवावे. त्यात काहीही गळत नाही. मात्र छायाचित्र पीएनजीत साठविल्यास फाइल उलट मोठी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र नेहमीच्या रीतीने पाठविले, तर ते आपोआप आवळले जाते. मूळ रूप राखावयाचे असल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

अर्ज व सुरक्षितता

माणगाव तालुक्यातील निजामपूर येथील जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशासाठी अर्ज ऑनलाइन भरावे लागतात. मागील वर्षांच्या माहितीपत्रकांत छायाचित्र व सह्या ह्यांसाठी १० ते १०० किलोबाइट अशी मर्यादा आढळते. वरची मर्यादा सर्वांच्या लक्षात राहते, खालची राहत नाही. फार आवळलेली सहीदेखील नाकारली जाऊ शकते. ह्यास्तव चालू वर्षाचे माहितीपत्रक वाचूनच आकारमान ठरवावे आणि हे काम मुदतीच्या अखेरच्या दिवसावर टाकू नये.

चित्र लहान करून देणारी अनेक संकेतस्थळे आहेत. ती चित्र स्वतःकडे मागवून घेतात. मुलांची छायाचित्रे, आधारपत्रे व जातीचे दाखले अशा अपरिचित ठिकाणी चढवू नयेत. ते काम स्वतःच्या संगणकावर अथवा मोबाइलवरच करावे. तसेच कॅमेऱ्यातील स्थळनोंदीची सोय बंद ठेवावी, अन्यथा मूल कोठे आहे ह्याची नोंद चित्रासोबत परक्याच्या हाती जाऊ शकते.

स्वाध्याय

१. केंद्राच्या शिक्षण परिषदेत भित्तिपत्रकाचे एकच चित्र ९०, ७५, ५० व २० ह्या क्वालिटीने साठवावे. प्रत्येक फाइलचे आकारमान नोंदवून अक्षरे कोठपर्यंत सुवाच्य राहतात ते पाहावे.

२. चौकटीच्या कागदावर १२ × ८ घरांचा आयत काढून विद्यार्थ्यांकडून त्याच्या दोन्ही बाजू निम्म्या करवून घ्याव्यात. घरे ९६ ऐवजी २४ उरतात, हे त्यांनी स्वतः मोजावे. बाजू निम्मी केली की क्षेत्रफळ चौथाई होते, हा गणिताचा पाठ आणि छायाचित्राचे आकारमान घटविण्याचा पाठ एकच आहे.