कचरा प्रकल्पाचे अनुदान : प्रस्तावापूर्वीचा विचार

सकाळी घंटागाडी दारावरून जाते, कचरा गावाबाहेरच्या डेपोवर रिकामा होतो आणि प्रश्न सुटला, असे मानले जाते. वस्तुतः प्रश्न तेथून सुरू होतो. उन्हाळ्यात ढीग धुमसत राहतो, पावसाळ्यात त्यातील काळे पाणी नाल्या-विहिरींकडे झिरपते आणि या दोहोंचा त्रास डेपोलगतच्या वस्तीला सोसावा लागतो. कागद, काच, पत्रा व प्लॅस्टिक वेगळे काढून त्यांवर पुनर्प्रक्रिया व्हावी, तसेच ओल्या कचऱ्याचे खत व्हावे, यासाठी शासनातर्फे स्थानिक संस्थांना अनुदान देण्यात आले. अनुदानातून शेड उभी राहते, यंत्रही येते. ते चालविण्याची व्यवस्था मात्र स्थानिक संस्थेलाच करावी लागते. ती आधी ठरली नसेल, तर उद्घाटनानंतर काही महिन्यांतच शेडला कुलूप लागते आणि गाडी पुन्हा जुन्या डेपोकडे वळते.

जबाबदारी कोणाची?

१९९२ मध्ये संमत झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने घनकचरा व्यवस्थापन हा विषय नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत समाविष्ट केला. ग्रामपंचायतींकडे स्वच्छतेचा विषय ७३ व्या घटनादुरुस्तीने आला. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातच ओला, सुका व घातक असे तीन भाग करणे, घरोघरी संकलन करणे, सुका कचरा निवडण्याची केंद्रे उभारणे आणि नागरिकांकडून सेवाशुल्क घेणे या गोष्टी स्पष्ट शब्दांत मांडल्या. अनुदान ही या कर्तव्याला मिळणारी जोड होय. कर्तव्याचा पर्याय नव्हे.

अनुदानाचे प्रमाण

१ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० मध्ये घनकचरा प्रकल्पांसाठी केंद्राचा वाटा लोकसंख्येनुसार ठरविण्यात आला. एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांना ५० टक्के, एक ते दहा लाखांच्या शहरांना ३३ टक्के आणि त्याहून मोठ्या शहरांना २५ टक्के असे हे प्रमाण होते. म्हणजेच लहान गावांना अधिक आधार देण्याचे धोरण होते; तरीही निम्म्या रकमेची तजवीज अन्य मार्गाने करणे भाग होते.

ग्रामीण भागासाठी २०२०-२१ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावास घनकचऱ्याकरिता दरडोई ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावास दरडोई ४५ रुपये मर्यादा ठेवण्यात आली. यातील ३० टक्के रक्कम ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून घालावयाची होती. उदाहरणार्थ, चार हजार वस्तीच्या गावाचा हिशेब २ लाख ४० हजार रुपये होतो. त्यात ग्रामपंचायतीचा भाग ७२ हजार रुपयांचा येतो. एवढ्या रकमेत मोठे यंत्र बसत नाही. खतखड्डे, सुका कचरा ठेवण्याची शेड आणि एखादी तीनचाकी गाडी असाच विचार करावा लागतो. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावावरून ओळखली जाणारी नाडेप पद्धत अशा ठिकाणी सोयीची ठरते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशा जाळीदार विटांच्या टाक्यात पालापाचोळा, शेण व माती यांच्या थरांतून तीन-चार महिन्यांत खत तयार होते. त्यास विजेची गरज लागत नाही.

चालू खर्चाचा हिशेब

लहान शहरांत माणशी दररोज साधारणतः २०० ते ३०० ग्रॅम कचरा निघतो. वीस हजार वस्तीच्या नगरपंचायतीत हे प्रमाण दिवसाला सुमारे पाच टन होते आणि त्यातील निम्म्याच्या आसपास ओला कचरा असतो. हा आकडा हाती आल्यावर निवड करणाऱ्या कामगारांची मजुरी, गाडीचे इंधन, वीज आणि यंत्राची दुरुस्ती यांचा वर्षाचा खर्च मांडावा. त्यातून भंगाराची विक्री, खताची विक्री आणि सेवाशुल्क यांचे अपेक्षित उत्पन्न वजा करावे. जी तूट उरेल, तिची तरतूद अर्थसंकल्पात आहे काय, हे पाहूनच प्रस्ताव पाठवावा.

केवळ विक्रीतून खर्च भागेल, ही अपेक्षा बहुधा फोल ठरते. पुठ्ठा, पत्रा व बाटल्यांना गिऱ्हाईक मिळते. वेफर्स-बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनांना मिळत नाही. ती सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकतात, परंतु वाहतुकीचा खर्च विचारात घ्यावा लागतो.

वेंगुर्ल्याचा अनुभव

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले नगरपरिषदेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे बारा हजार लोकसंख्येच्या या शहराने २०१५ नंतर आपल्या कचरा डेपोचे रूप पालटले. तेथे बायोगॅस, खत, पालापाचोळ्याच्या कांड्या व प्लॅस्टिकचा चुरा करण्याची सोय झाली आणि तो चुरा डांबरी रस्त्यांसाठी उपयोगात आणला गेला. परंतु या यशाचे मूळ यंत्रांत नसून घराघरांतील वर्गीकरणात आहे. ओल्यात मिसळलेला कागद कोणतेही यंत्र पुन्हा कोरडा करीत नाही.

कचरावेचकांचे स्थान

गावात अनुदान येण्यापूर्वीपासून पुनर्प्रक्रियेचे काम कचरावेचक व भंगारवाले करीत असतात. नवे केंद्र उभारताना त्यांना बाहेर ठेवले, तर त्यांची रोजी जाते आणि केंद्राला अनुभवी हातही मिळत नाहीत. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि पुढे कचरावेचकांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेकडे घरोघरच्या संकलनाचे काम आले. लहान शहरांनाही आपल्या प्रमाणात ही वाट चोखाळता येईल. हातमोजे, ओळखपत्र, पिण्याचे पाणी आणि निवडलेल्या मालाच्या विक्रीचा हक्क या गोष्टी प्रस्तावातच नमूद असाव्यात.

प्रस्तावापूर्वी

सलग सात दिवस कचऱ्याचे वजन घेतले आहे काय? जागा गावाच्या नावे असून लगतच्या वस्तीची संमती आहे काय? माल कोण घेणार व कोणत्या भावाने? यंत्र बिघडल्यास दुरुस्ती कोठे होणार? सेवाशुल्काचा ठराव झाला आहे काय? या पाच प्रश्नांची लेखी उत्तरे असलेला प्रस्ताव सहसा फसत नाही.

शिक्षकांचा वाटाही मोलाचा आहे. शाळेत दोन डबे ठेवून मुलांनीच आठवड्याच्या वजनाची नोंद केली, तर ती सवय त्यांच्यासोबत घरी जाते. अनुदानाचा हप्ता एकदाच येतो, कचरा मात्र रोज निघतो. म्हणून शेडचा पाया खणण्यापूर्वी ग्रामसभेत व प्रभागात वर्गीकरणाचा पाया घातला जाणे अगत्याचे आहे.