गुग्गुळाचा प्रयोग : शोधन आणि सावधानता

कच्छ व राजस्थानच्या शुष्क प्रदेशातील काटेरी झुडुपाचा सुगंधी निर्यास म्हणजे गुग्गुळ. तो उष्णवीर्य, कटुविपाकी, लघु व सूक्ष्म असून वात, कफ आणि मेद यांवर त्याची क्रिया प्रामुख्याने दिसते. नवा गुग्गुळ बृंहण, तर जुना लेखन, हा भेद आपण सर्वांनी पाठ केला आहे. परंतु माल घेताना त्याचे वय किती जण विचारतात?

अधिक निर्यासाच्या लोभाने खोडाला वाटेल तशा चिरा दिल्यास झाड वाळते. अतिसंकटग्रस्त वनस्पतींमध्ये आता गुग्गुळाची गणना होते. टंचाई आली की भेसळ आलीच. सल्लकीचा व इतर झाडांचा डिंक त्यात मिसळला जातो. ग्रंथोक्त परीक्षा सोपी आहे : उत्तम गुग्गुळ अग्नीत जळतो, उन्हात विरघळतो आणि कोमट पाण्यात दुधासारखा होतो. औषधनिर्मात्यांनी प्रत्येक पोत्यातील नमुना असा तपासावा. प्रयोगशाळेतील तपासणी त्यानंतर करावी.

शोधनाची टाळाटाळ करू नये. फडक्याच्या पुरचुंडीत बांधून त्रिफळा क्वाथ, गोमूत्र किंवा गोदुग्धात दोलायंत्राने स्वेदन केले असता निर्यास द्रवात उतरतो. साल, वाळू, काड्या फडक्यातच राहतात. अशोधित गुग्गुळाने त्वचेवर पुरळ, अतिसार, शिरःशूल अशा तक्रारी उद्भवू शकतात. कोणत्या द्रव्यात शोधन केले याची नोंद निर्मात्याने वैद्याला द्यावी, कारण पित्तप्रकृतीच्या रुग्णासाठी गोमूत्रशोधित गुग्गुळ सहसा योजू नये.

संधिवातात योगराज, वातरक्तात कैशोर, गंडमाळेत कांचनार, अस्थिभग्नात लाक्षादि, हे प्रयोग सर्वपरिचित आहेत. मतभेद आहे तो मेदोरोगाविषयी. सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या आधारे १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात झालेल्या संशोधनाने गुग्गुळाला नवे महत्त्व आले. मात्र २००३ साली अमेरिकेत १०३ रुग्णांवर आठ आठवडे झालेल्या परीक्षणात अपायकारक कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी सुमारे ४ ते ५ टक्के वाढले आणि सहा जणांना पुरळ उठले. तेथे वापरलेला अर्क हा आपला शास्त्रोक्त कल्प नव्हता, आहारविहारही आपला नव्हता, हे खरे. तरीही त्या आधारे निष्कर्ष झटकून टाकणे शास्त्रीय वृत्तीला धरून नाही. गुग्गुळ सुरू केला म्हणून रुग्णाची स्टॅटिन गोळी बंद करण्याचा सल्ला कोणीही देऊ नये.

प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम ही औषधे गुग्गुळ-अर्कासोबत दिल्यास त्यांचे रक्तातील प्रमाण घटते, असे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. प्राण्यांवरील प्रयोगांत अवटु ग्रंथीस उत्तेजना मिळाल्याचेही दिसले आहे. म्हणून थायरॉक्सिन घेणाऱ्यांच्या तपासण्या वेळोवेळी कराव्यात. हृद्रोगी किंवा रक्तदाबाचा रुग्ण आपल्याकडे गुडघे दुखतात म्हणून येतो आणि न विचारता चालू गोळ्यांची नावे सांगत नाही. ती विचारून केसपेपरवर लिहावीत. गर्भिणीस गुग्गुळ देऊ नये. गुग्गुळसेवनकाळात आंबट, तीक्ष्ण पदार्थ, मद्य, ऊन, अतिश्रम, मैथुन व क्रोध वर्ज्य सांगितले आहेत. औषध देतानाच हे पथ्य रुग्णास लेखी द्यावे.